वसईपासून वेवजीपर्यंत

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसई आणि उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून, तलासरी तालुक्यातलं वेवजी. या टोकाला देवाधर्माच्या आधी जमिनीचं बोलणं निघतं. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, ते याच तालुक्यातल्या झरी गावी. लाल बावट्याच्या या मुलुखात कोणी येशू सांगायला आला, तर ऐकणारा मनात म्हणणारच, ‘जमिनीचं काय?’

म्हणूनच वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची चाळीस वर्षं मला इथून पुन्हा पाहावीशी वाटतात. १९८३ साली ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले. ऐंशीच्या दशकाअखेर वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने विकलं जाऊ लागलं. गुंडांची दहशत होती, बोलायला कोणी धजत नव्हतं. तेव्हा फादर बोलले. हरित वसई संरक्षण समितीत हिंदू आले, ख्रिस्ती आले. धमक्याही आल्या. सर्वांच्या व्यासपीठावर जाताना फादरांनी आपला ख्रिस्त देवळात ठेवला नाही, आणि त्याच्या नावाने वेगळी चूलही मांडली नाही. माझ्या लेखी त्यांचं वेगळेपण हेच. याच काळात, १९९१ साली, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. वसई आणि डहाणू, एकाच किनाऱ्याची ही दोन दुखणी.

दुसरी गोष्ट भाषेची. पोर्तुगीज १७३९ साली वसईतून गेले, तरी ख्रिस्ती लोकांबद्दल ‘हे परके’ ही कुजबुज मागे राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली. १९९८ साली वसई धर्मप्रांत झाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे तुकोबांवर प्रबंध लिहिलेले अभ्यासक होते. दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं. २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. परकेपणाच्या आरोपाला इतकं प्रेमळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

तरी वसई वाचली, असं म्हणवत नाही. २००९ साली महानगरपालिका झाली, गावं वगळा म्हणून लोक रस्त्यावर आले, आणि इमारती चढतच राहिल्या. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी फादरांची निवड झाली, तेव्हा एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. जानेवारी २०२० मध्ये पाठीचं दुखणं सोसत ते तिथे गेले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेऊन बोलले.

२५ जुलै २०२४ रोजी ते गेले. महिनाभराने, ३० ऑगस्टला, मच्छीमारांचा विरोध कायम असतानाच डहाणूच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या दिवशी मी ‘सुवार्ता’चे जुने अंक काढून बसलो.