ओले धान्य आणि पुरातली गाडी

आम्ही पहिली चारचाकी घेतली ती 2010 साली. डिझेलचे सर्वांत साधे मॉडेल. काचा हाताने फिरवायच्या, टेपसुद्धा नाही. बँकेचे व्याज नको म्हणून सहा वर्षे पैसे साठवले. कमी पडले ते मामूंनी कर्जे-हसना म्हणून दिले. ते दीड वर्षात फेडले, अल्हम्दुलिल्लाह.

डिझेल घेण्याचे कारण सरळ होते. अब्बांना चिपळूणहून कराडला दवाखान्यात न्यायचे तर कुंभार्ली घाट लागतो. भरलेली गाडी घाट चढवायला डिझेल इंजिन बरे. शिवाय तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठे अंतर होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलवरचे दरनियंत्रण उठले आणि डिझेल घेण्याचे ते कारण फारसे उरले नाही. आज कुणी विचारले तर आम्ही सांगतो, गावातल्या गावात फिरायला डिझेल घेऊ नका. बीएस-6 डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालली नाही, तर तो तुंबतो.

गाडीसोबत आम्ही एक वही ठेवली. दर 10,000 किलोमीटरला ऑइल आणि ऑइल फिल्टर, ठरल्या वेळी डिझेल फिल्टर, टायर, बॅटरी, 1,10,000 वर क्लच. प्रत्येक खर्च तारखेसह. एकदा आम्हीच आळस करून डिझेल फिल्टर लांबवला आणि ऐन घाटात गाडी बंद पडली. तेही वहीत लिहिले आहे.

22 जुलै 2021 चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. आमच्या गाडीत सीटपर्यंत पाणी होते. मिस्त्रींचा फोन आला, "सर, पाणी ओसरलं तरी किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर रॉड वाकेल." हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आम्ही बॅटरीची वायर काढली आणि गाडी ओढत गॅरेजला नेली. टाकी रिकामी केली, ऑइल आणि सगळे फिल्टर बदलले, सीट आणि गालिचे काढून वाळवले. विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यातून पुराची भरपाई मिळत नाही. 48 हजार रुपये खिशातून गेले.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षे झाली. नोंदणी संपत आली तशी मुले नव्या गाडीसाठी मागे लागली. जुन्या गाड्यांचा एक दलाल घरी आला. मीटरवर 2,14,000 आकडा पाहून म्हणाला, "मीटर एक लाखावर आणून देतो. आणि सर, पुराचं कशाला काढायचं? कोण विचारतंय?" असे केले तर 70 हजार जास्त मिळणार होते. आम्ही त्याला लगेच नाही म्हटले नाही, ही खरी गोष्ट आहे. दोन दिवस घरात हिशोब चालला. धाकटीने जेवताना विचारले, "मग घेणाऱ्याला कळणार कसं?"

धान्याच्या ढिगात आत ओले धान्य ठेवणाऱ्या विक्रेत्याला पैगंबर (स.) यांनी समज दिल्याचा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा सांगितला आहे. इथे तर आमची गाडीच ओली झालेली होती. दलालाला नकार कळवला. त्यानंतर तीन गिऱ्हाइके आली. तिघांपुढे वही ठेवली, पुराचे पान स्वतः उघडून दाखवले. तिघेही आभार मानून परत गेले.

मग गाडी ठेवायचे ठरले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश हरित लवादाने 2015 मध्ये दिला होता. महाराष्ट्रात तसा नियम नाही. इथे पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. आम्ही मुदतीआधी नमुना 25 भरला, 5,000 रुपये नूतनीकरण शुल्क आणि वेगळा पर्यावरण कर भरला, पीयूसी आणि विमा चालू ठेवला. तपासणीआधी ब्रेक, लाइट आणि टायर नीट करून घेतले. सगळा खर्च धरूनही तो नव्या गाडीच्या चार-पाच हप्त्यांएवढाच झाला, आणि व्याजाचा प्रश्नच आला नाही.

दोन महिन्यांनी त्या तिघांतल्या एकाचा फोन आला. गुहागरकडचा तरुण. "सर, दुसरी गाडी बघतोय. तुम्ही जरा सोबत येता का?" आम्ही गेलो. गाडी चकचकीत होती, मीटरवर फक्त 62,000. मिस्त्रींनी शिकवले होते तसे केले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या टोकाला मातीची रेघ. गालिचा उचलला, तर खाली वाळलेला गाळ आणि सीटच्या पट्ट्यांना गंज. तरुणाने इसाऱ्याचे पैसे काढले होते, ते परत खिशात ठेवले.

येताना तो म्हणाला, "तुमची वही मी घरी सांगितली. माझी गाडी आली की मीही ठेवणार."