डूब्रॉव्हनिक

डूब्रॉव्हनिक : क्रोएशिया प्रजासत्ताकातील ऐतिहासिक तटबंद नगर व भूमध्य सागरी पर्यटन-सफरींचे (क्रूझ) एक प्रमुख थांबा-बंदर. इटालियन नाव रगूसा. लोकसंख्या ४१,५६२ (२०२१). एड्रिॲटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, डाल्मेशिया प्रदेशाच्या दक्षिण टोकाकडे हे वसले आहे. पाठीशी स्रज हा ४१२ मी. उंचीचा उघडाबोडका चुनखडकाचा डोंगर, समोर लोक्रुम हे वनाच्छादित बेट आणि दोहोंच्या मध्ये समुद्रात घुसलेल्या खडकावर तटाने वेढलेले जुने नगर, अशी त्याची रचना आहे. हवामान भूमध्य सागरी असून उन्हाळे कोरडे व प्रखर, तर पाऊस मुख्यतः शरद ऋतूत व हिवाळ्यात पडतो.

पर्यटन-सफर ज्या बंदरातून सुरू होते किंवा जेथे संपते, ते तिचे मूळ बंदर होय. मार्गातील ज्या बंदरांत जहाज केवळ काही तास थांबते आणि प्रवाशांना किनाऱ्यावर उतरून त्याच दिवशी परतावे लागते, त्यांस थांबा-बंदर म्हणतात. मालवाहतुकीच्या बंदराची योग्यता पाण्याची खोली, धक्क्यांची लांबी व पश्चप्रदेशाची संपन्नता यांवरून ठरते. थांबा-बंदराला ही कसोटी अपुरी पडते; जहाजापासून किती अंतरावर काय पाहावयास मिळते व तेवढे पाहून वेळेत परतता येते की नाही, हा तेथे मुख्य प्रश्न असतो. या दृष्टीने डूब्रॉव्हनिकची स्थिती अत्यंत अनुकूल आहे. सबंध जुने नगर पायी फिरण्याच्या टप्प्यातील असून त्यात वाहनांना प्रवेश नाही. ही अनुकूलताच पुढे नगराच्या अडचणीचे कारण ठरली.

इतिहास : सातव्या शतकात एपिडॉरम (सध्याचे त्साव्हटाट) येथून परागंदा झालेल्या लोकांनी ही वसाहत स्थापन केली. प्रारंभी बायझंटिन साम्राज्याच्या व १२०५ ते १३५८ या काळात व्हेनिसच्या आधिपत्याखाली असलेले हे नगर पुढे हंगेरीचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करून प्रजासत्ताक म्हणून नांदू लागले. पंधराव्या शतकात तुर्की सत्ता बाल्कन प्रदेशात प्रबळ होताच या व्यवहारचतुर प्रजासत्ताकाने सुलतानास वार्षिक खंडणी देण्याचे पत्करले. ती कालांतराने १२,५०० ड्यूकॅट एवढी झाली. तिच्या मोबदल्यात तुर्की मुलखात व्यापाराची मुभा मिळाली. एकीकडे ख्रिस्ती यूरोप व दुसरीकडे ऑटोमन साम्राज्य यांच्या दरम्यानची दलाली हा मग नगराच्या वैभवाचा पाया बनला. सोळाव्या शतकात रगूसाचा व्यापारी ताफा भूमध्य समुद्रातील मोठ्या ताफ्यांत गणला जाई. मोठ्या मालवाहू जहाजास इंग्रजीत रूढ झालेला ‘आर्गसी’ हा शब्द रगूसा या नावावरूनच आला आहे. गोव्यात तिसवाडीतील गवंडाळी येथे सेंट ब्लेझ या संताच्या नावाचे जुने चर्च आहे. हा संत डूब्रॉव्हनिकचा संरक्षक असल्यामुळे हे चर्च रगूसाच्या व्यापाऱ्यांच्या वसाहतीचे स्मारक असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्याविषयी मतभेद आहेत.

परक्या जहाजांवर जगणाऱ्या या नगराला त्या जहाजांचे भयही होते. प्लेगच्या साथी समुद्रमार्गेच येत. १३७७ मध्ये नगराच्या महामंडळाने असा निर्बंध घातला, की साथीच्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी म्रकान या बेटावर किंवा त्साव्हटाट येथे तीस दिवस काढल्यावाचून नगरात पाऊल ठेवू नये. जहाजे सरसकट परतवून लावणे किंवा रोगाकडे डोळेझाक करणे, या दोन्ही टोकांच्या उपायांपेक्षा हा मार्ग वेगळा होता. व्यापार चालू ठेवावयाचा, पण येणाऱ्याच्या प्रवेशाला मुदत लावावयाची, हे त्यातील तत्त्व. विलगीकरणाचा हा सर्वांत जुना ज्ञात कायदा मानतात. पुढे ही मुदत इतरत्र चाळीस दिवसांची झाली आणि तिच्यावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द निघाला. नगराच्या पूर्व वेशीबाहेर याच कामासाठी बांधलेल्या लाझारेटी या दगडी इमारतींची ओळ सुस्थितीत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे बांधकाम सुरू झाले व सतराव्या शतकात ते पुरे झाले. गुलामांच्या व्यापारास १४१६ मध्ये घातलेली बंदी हेही या प्रजासत्ताकाचे एक उल्लेखनीय कृत्य होय.

६ एप्रिल १६६७ रोजी झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली व बहुतेक इमारती कोसळल्या. सध्या दिसणारी एकसारख्या उंचीची, साध्या धाटणीची घरे त्यानंतरच्या पुनर्रचनेतील आहेत. १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने नगर घेतले व १८०८ मध्ये प्रजासत्ताक बरखास्त झाले. त्यानंतर ऑस्ट्रिया व १९१८ पासून यूगोस्लाव्हिया यांच्या ताब्यात ते राहिले. १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केल्यावर यूगोस्लाव्ह सैन्याने ऑक्टोबर १९९१ पासून काही महिने नगरास वेढा दिला. ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा सर्वांत भीषण होता. जुन्या नगरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींवर गोळे आदळले. यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९७९ मध्ये समाविष्ट झालेले हे नगर १९९१ ते १९९८ या काळात धोक्यातील वारशाच्या यादीत होते. भौतिकीविज्ञ व ज्योतिर्विद रूजेर बोश्कोव्हिच (१७११–८७) आणि कवी इव्हान गुंडुलिच (१५८९–१६३८) यांची ही जन्मभूमी.

बंदर व उतरण्याची व्यवस्था : तटाच्या आश्रयाचे जुने बंदर लहान असून त्यात आता केवळ होड्या व सहलीच्या नौका येतात. मोठी जहाजे जुन्या नगराच्या वायव्येस सु. ३ किमी.वरील ग्रूझ या नैसर्गिक बंदरात धक्क्याला लागतात. तेथून पश्चिमेकडील पिले वेशीपर्यंत बस किंवा टॅक्सी मिळते. पायी जाण्यास पाऊण तास पुरतो. काही जहाजे लोक्रुम बेटानजीक नांगर टाकतात व प्रवाशांना लहान नौकांतून थेट जुन्या बंदरात उतरवितात. समुद्राकडून तटाचे होणारे दर्शन अविस्मरणीय असल्याने प्रवाशांना हा प्रकार अधिक आवडतो. मात्र बुरा हा ईशान्येकडील थंड वारा किंवा जुगो हा आग्नेयीकडील दमट वारा जोराने वाहू लागला, तर नौका सोडता येत नाहीत व पुष्कळदा थांबाच रद्द होतो. जुगो वाहत असता महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत, असा जुन्या प्रजासत्ताकात संकेत होता, असे सांगतात. जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. जहाज कंपनीने आखलेल्या सहलीस उशीर झाला, तर जहाज सामान्यतः थांबते. स्वतंत्रपणे हिंडणाऱ्याला मात्र ते मागे सोडून जाते व पुढचे बंदर त्यास स्वखर्चाने गाठावे लागते. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात व यूरो चलनात सामील झाला आहे. अनेक सफरींत पुढचा थांबा माँटनीग्रोमधील कोटोर हा असतो व तो शेंगेन क्षेत्राबाहेर पडतो. म्हणून भारतीय प्रवाशाजवळ पुन्हा प्रवेशाची परवानगी असलेला व्हिसा असणे आवश्यक ठरते.

किनाऱ्यावरील प्रेक्षणीय स्थळे : सर्वांत महत्त्वाचा तो तट. त्याची लांबी १,९४० मी. असून काही ठिकाणी उंची २५ मी.पर्यंत आहे. जमिनीच्या बाजूस तो ४ ते ६ मी. जाड, तर समुद्राच्या बाजूस पुष्कळच कमी जाड आहे. शत्रू जमिनीवरून येईल ही भीती त्यात स्पष्ट दिसते. माथ्यावरून सबंध प्रदक्षिणा घालता येते व तीस दीड ते दोन तास लागतात. फिरण्याची दिशा एकच असते. वाटेत सावली जवळजवळ नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वेशी उघडताच किंवा दुपार कलल्यावर चढणे श्रेयस्कर. तटावरून खाली पाहिले असता छपरांच्या कौलांत दोन रंग दिसतात : फिकट, मळकट पिवळसर कौले जुनी, तर भडक नारिंगी कौले १९९१–९२ च्या तोफमाऱ्यानंतर बसविलेली. नारिंगी छपरांचे प्रमाण पाहिले, की नगरावर काय गुदरले याची कल्पना वेगळ्या वर्णनाशिवाय येते. पिले वेशीबाहेर ३७ मी. उंच खडकावर लोव्ह्रियेनात्स हा किल्ला आहे. जगातील सर्व सोन्याच्या मोलानेही स्वातंत्र्य विकू नये, या आशयाचा लॅटिन लेख त्याच्या दारावर कोरलेला आहे.

वेशीतून आत शिरताच ओनोफ्रिओचे मोठे कारंजे (१४३८) लागते. सु. १२ किमी.वरून आणलेल्या पाण्याच्या योजनेचा हा शेवटचा टप्पा असून तेथे आजही पिण्याचे पाणी मिळते. समोरच्या फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ पासूनचे आहे. येथून पूर्वेस जुन्या बंदराच्या दिशेने स्ट्राडुन हा सु. ३०० मी. लांबीचा मुख्य रस्ता जातो. मुख्य भूमी व मूळची खडकाळ वस्ती यांमधील उथळ पाणी भरून तो तयार केला, असे परंपरेने सांगतात. त्याच्या चुनखडकाच्या फरश्या शतकानुशतकांच्या वर्दळीने आरशासारख्या गुळगुळीत झाल्या असून पावसात त्यांवरून पाय घसरतो. रस्त्याच्या टोकाशी ऑर्लांडोचा स्तंभ (१४१८) आहे, त्यावरील वीरपुरुषाच्या कोपरापुढील हाताची लांबी (सु. ५१ सेंमी.) कापड मोजण्याचे प्रमाण-माप म्हणून वापरीत. जवळचा स्पोन्झा प्रासाद ही पूर्वीची जकात कचेरी व टांकसाळ. १६६७ च्या भूकंपातून तो वाचला. रेक्टर या प्रमुखाच्या प्रासादात संग्रहालय आहे. रेक्टरची मुदत फक्त एक महिन्याची असे व त्या काळात सरकारी कामाखेरीज त्यास प्रासादाबाहेर पडता येत नसे. एका माणसाच्या हाती सत्ता एकवटू नये, याची ही खबरदारी होती. गुंडुलिच चौकातील सकाळच्या बाजारात सुके अंजीर, बदाम व साखरेत घोळविलेल्या संत्र्याच्या साली मिळतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रण येथे झाल्यापासून तिच्यातील स्थळे शोधीत हिंडणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांची सर्वाधिक गर्दी जेझुइट चर्चसमोरील पायऱ्यांवर असते.

हाताशी आणखी दोन-तीन तास असतील, तर स्रज डोंगरावर रज्जुमार्गाने जावे. १९६९ मध्ये सुरू झालेला हा मार्ग १९९१ मध्ये उद्ध्वस्त झाला व २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला. माथ्यावरील फ्रेंच अमदानीतील किल्ल्यात वेढ्याविषयीचे संग्रहालय आहे. जुन्या बंदरातून होडीने १०–१५ मिनिटांत लोक्रुमला पोहोचता येते. तेथे बेनिडिक्टीन मठाचे अवशेष, हॅप्सबर्ग घराण्यातील मॅक्सिमीलियनने एकोणिसाव्या शतकात करविलेल्या बागा व मोर आहेत. बेट संरक्षित असून रात्री राहण्यास मनाई आहे. त्साव्हटाट, ट्रस्टेनो येथील जुना वृक्षोद्यान-परिसर आणि स्टोनची मिठागरे व तट ही स्थळे त्याहून दूर आहेत. त्यांपैकी एकच निवडावे, अन्यथा सारा दिवस बसमध्येच जातो.

गर्दीचा प्रश्न : युद्धानंतर पर्यटन झपाट्याने सावरले आणि २०१३ च्या सुमारास पर्यटन-जहाजांतून वर्षाला दहा लाखांहून अधिक प्रवासी येथे येऊ लागले. या आकड्यापेक्षा त्याची वाटणी अधिक महत्त्वाची. जहाजे सकाळी येत व सायंकाळी निघत. त्यामुळे तीन-चार जहाजांतील हजारो माणसे नऊ-दहाच्या सुमारास एकदमच पिले वेशीशी पोहोचत. वर्षाच्या संख्येला पुरेसे असणारे नगर त्या पाच-सहा तासांना अपुरे पडे. अशा प्रवाशाचे जेवण व निवास जहाजावरच असल्याने मुक्कामी पर्यटकाच्या मानाने त्याचा नगरातील खर्चही अल्प असतो. दरम्यान घरे पर्यटकांना भाड्याने देणे किफायतशीर झाल्यामुळे रहिवासी तटाबाहेर जाऊ लागले. १९९० च्या सुमारास तटाच्या आत सु. पाच हजार लोक राहत. ही संख्या आता दीड हजाराहूनही कमी झाली आहे. किराणा व दुरुस्तीची दुकाने ओस पडून त्यांच्या जागी भेटवस्तूंची दुकाने आली.

यूनेस्कोने नगरात एका दिवशी आठ हजारांहून अधिक अभ्यागत नसावेत, अशी शिफारस केली. २०१७ पासून नगरपालिकेने ‘नगराचा आदर राखा’ या नावाने योजना हाती घेतली आणि जहाज कंपन्यांच्या संघटनेशी २०१९ मध्ये करार केला. एका वेळी दोनच जहाजे व त्यांतील मिळून सु. चार हजार प्रवासी, अशी मर्यादा त्यानंतर ठरली. जहाजांच्या येण्याच्या वेळाही विभागण्यात आल्या. पुढे जहाजाने किमान आठ तास थांबावे, असा नियमही आला. प्रथमदर्शनी तो विपरीत वाटतो, कारण मुक्काम लांबला म्हणजे गर्दी वाढेल असा समज होतो. प्रत्यक्षात वेळ असला, की प्रवासी एकाच वेळी वेशीकडे धाव घेत नाहीत. काही आधी लोक्रुमला किंवा त्साव्हटाटला जातात, काही दुपारनंतर तटावर चढतात आणि पुष्कळजण नगरातच जेवतात. व्हेनिसने २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना जूदेक्का कालव्यातून जाण्यास मनाई केली. डूब्रॉव्हनिकने बंदीऐवजी वेळेच्या नियमनाचा मार्ग निवडला. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये जहाजांची वाहतूक जवळजवळ थांबली असता स्ट्राडुनवर शुकशुकाट होता व रहिवाशांनी नगर निवांतपणे अनुभवले. मात्र दुकानदार, होडीवाले व मार्गदर्शक यांचे उत्पन्नही त्याच काळात बुडाले. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने भेटीस सर्वांत योग्य. त्या वेळीही सकाळी आठपूर्वी किंवा सायंकाळी पाचनंतर, म्हणजे जहाजांतील प्रवासी आत शिरण्यापूर्वी किंवा परतू लागल्यावर, गल्लीत वाळत घातलेले कपडे व शाळेतून परतणारी मुले दिसतात.