उणे २७३ चा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिन्यातील दुपार होती. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीचा तास आम्ही घेत होतो. आमचा विषय मराठी. तथापि मुख्याध्यापकाला प्रसंगी कोणत्याही वर्गावर उभे राहावे लागते. इतक्यात पटांगणात उन्हात लावलेल्या एका सायकलीची ट्यूब फाडकन फुटली. वर्गात हशा पिकला. तीच संधी साधून आम्ही वायूंच्या प्रसरणाचा धडा उघडला.

नियम सोपा आहे. दाब कायम ठेवून वायूचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविले, तर शून्य अंशाला त्याचे जे आकारमान असते, त्याच्या १/२७३ इतकी त्यात भर पडते. फुगावयास जागा नसली, तर आकारमानाऐवजी दाब वाढतो. २७ अंशांवर हवा भरलेली ट्यूब उन्हात ५७ अंशांपर्यंत तापली, तर आतील एकूण दाब सुमारे एकदशांशाने चढतो. जीर्ण ट्यूबला तेवढे पुरते.

तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. "सर, दर अंशाला हवा इतकी आकसत गेली, तर उणे २७३ अंशांवर ती नाहीशी होईल का?" आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. "पुस्तकात आहे तेवढे पाठ कर," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. मुलगा बसला; प्रश्न मात्र आमच्या मनातून उठेना. अखेर आम्हीच पुस्तके धुंडाळली.

लोखंड, पितळ, काच हे पदार्थ तापले म्हणजे आपापल्या प्रमाणात कमीअधिक प्रसरण पावतात. वायूंचे तसे नाही. प्राणवायू असो, नत्रवायू असो वा हायड्रोजन, सर्वांचे प्रसरण जवळजवळ सारखेच. १७८३ च्या डिसेंबरात पॅरिसमधून हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेलेले जाक शार्ल यांच्या हे प्रथम ध्यानी आले; पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. १८०२ साली गे-ल्युसॅक यांनी काटेकोर प्रयोग करून हा नियम मांडला, आणि शार्ल यांना ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीच दिसली होती, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. म्हणून आज हा नियम शार्ल यांच्या नावाने ओळखला जातो. गे-ल्युसॅक यांचा आकडा १/२६७ च्या आसपास होता. पुढे रेन्यो प्रभृतींनी अधिक सूक्ष्म मापने करून तो १/२७३ वर आणला.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हवा नाहीशी होत नाही. नेहमीच्या दाबाखाली प्राणवायू उणे १८३ अंशांवर, तर नत्रवायू उणे १९६ अंशांवर द्रवरूप होतो, आणि तेथेच वायूचा नियम संपतो. शेवटपर्यंत नियम पाळतो तो केवळ 'आदर्श वायू'. त्याच्या रेणूंना आकारमान नाही आणि परस्परांचे आकर्षणही नाही, असे आपण मानतो. असा वायू जगात कोठेही नाही. परंतु त्याच्या प्रसरणाची रेषा मागे नेली, म्हणजे ती जेथे टेकते ते तापमान मात्र खरे आहे: उणे २७३.१५ अंश, निरपेक्ष शून्य. त्याहून अधिक थंडी संभवत नाही. १८४८ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली, आणि आजची केल्विन मापनश्रेणी याच शून्यापासून मोजली जाते.

म्हणजे मागच्या बाकावरील तो मुलगा थोर शास्त्रज्ञांच्याच वाटेने निघाला होता, आणि आम्ही त्याची वाट अडविली. पुढील आठवड्यात आम्ही वर्गात जाऊन उत्तर सांगितले, चूक कबूल केली आणि फळ्यावर त्या प्रश्नाखाली त्याचे नाव लिहिले. गे-ल्युसॅक यांनी शार्ल यांचे श्रेय त्यांना दिले; आम्ही आमच्या विद्यार्थ्याचे त्याला दिले, इतकेच.

वाचकहो, घरातील मुलाने असा प्रश्न केला आणि उत्तर येत नसले, तर 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' एवढे म्हणावे. त्याला खाली मात्र बसवू नये.