टेम्पोला परत बोलावणं आलंय!

बिबवेवाडीकरांची पहाटेची झोप मोडण्यात मार्केट यार्डाकडे निघालेल्या टेम्पोंचा मोठा वाटा. हल्ली त्यातले काही मात्र चोरपावलांनी जातात. हिरवी नंबर प्लेट आणि तिच्यावर पिवळी अक्षरं दिसली, की समजा धंद्याची इलेक्ट्रिक गाडी. अक्षरं पांढरी असतील तर खासगी. अशा गाड्यांत विजेचा किंवा बॅटरीचा दोष निघाला, की कंपनी त्या परत बोलावते. म्हणजेच रिकॉल. किस्से एकेक भारी आहेत.

निकोलाचाच घ्या. जून 2023 मध्ये अमेरिकेत फिनिक्सला या कंपनीच्या मुख्यालयात उभे असलेले इलेक्ट्रिक ट्रक पेटले. कंपनीला पहिला संशय आला घातपाताचा! तपासात निघालं काय, तर बॅटरी पॅकच्या आत कूलंट गळत होतं. बॅटरी थंड ठेवायला जे घातलं, तेच आगीला कारण झालं. ऑगस्टमध्ये 209 ट्रकचा रिकॉल निघाला. सोबत सल्ला होता, ट्रक उघड्यावर लावा आणि बॅटरीचा मेन स्विच सतत चालू ठेवा. गावाला निघताना आधी मेन स्विच पाडणारी आपण माणसं, आपल्याला हे पटायचं नाही. पण स्विच बंद, की बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणाही बंद.

फोर्डची तऱ्हा वेगळी. फेब्रुवारी 2023 मध्ये कारखान्याच्या आवारात एक एफ-150 लाइटनिंग पिकअप पेटला. बॅटरीच्या सेलमध्ये दोष सापडला आणि मार्चमध्ये रिकॉल निघाला फक्त 18 गाड्यांचा. अपर इंदिरानगरच्या एका गल्लीत रात्री याहून जास्त रिक्षा उभ्या असतात! हसू नका, मोजके 18 नेमके शोधून काढता येणं ही नोंदी चोख असल्याची खूण.

जनरल मोटर्सनं 2021 मध्ये शेवर्ले बोल्ट कारच्या मालकांना सांगितलं होतं, गाडी इतर गाड्यांपासून 50 फूट लांब लावा. बिबवेवाडीत 50 फूट मोकळी जागा? तिथे आधी भेळेची गाडी लागेल.

आपल्याकडचा धडा दुचाकींनी दिला. 26 मार्च 2022 रोजी लोहगावात ओलाची स्कूटर भररस्त्यात पेटली, व्हिडिओ देशभर फिरला आणि महिन्याभरात 1,441 स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. मधल्या काळात, 9 एप्रिलला, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधून निघालेल्या 40 इलेक्ट्रिक स्कूटरपैकी 20 जळाल्या. त्या चालवत कुणीच नव्हतं! पुढे बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. या चाचण्यांचे ‘एआयएस’ नियम घडवण्यात आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचा मोठा हात आहे.

रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. गाडी 7 वर्षांच्या आतली हवी. सरकारला सक्तीनं रिकॉल करायला लावावा लागला, तर कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. दुरुस्तीचा खर्चही कंपनीचाच, मालकानं एक रुपया द्यायचा नाही.

गोम आहे ती सेकंड हँड टेम्पोत. गाडी नावावर करून घ्यायचं राहिलं असेल, तर रिकॉलचं पत्र जुन्या मालकाच्या दारात पडतं. तेव्हा आरसी काढा, चासी नंबर वाचा आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावून विचारा, ‘भाऊ, या गाडीचं रिकॉलचं काही काम बाकी आहे का?’