स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या बॉनी गार्मस यांची पहिली कादंबरी ‘लेसन्स इन केमिस्ट्री’ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती.

कथानक १९५० नंतरच्या कॅलिफोर्नियातील आहे. नायिका एलिझाबेथ झॉट रसायनशास्त्रज्ञ. विद्यापीठातील मार्गदर्शकाच्या अत्याचाराचा तिने प्रतिकार केला. परंतु डॉक्टरेटचे दार बंद झाले ते तिलाच. पुढे ज्या संशोधनसंस्थेत ती नोकरीला लागते, तेथील नामवंत शास्त्रज्ञ केल्विन इव्हान्स पहिल्या भेटीत तिला सचिव समजतो. पुढे त्याच्यावर तिचे प्रेम जडते. विवाहास मात्र ती नकार देते. विवाहानंतर आपले संशोधन पतीच्या नावे जमा होईल, हे ती ओळखून असते. केल्विनच्या अपघाती मृत्यूनंतर, अविवाहित असून गर्भवती म्हणून तिला नोकरीवरून काढले जाते. तिचे संशोधन वरिष्ठ स्वतःच्या नावावर खपवितो.

ती खचत नाही. घरच्या स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा करते. उदरनिर्वाहासाठी दूरचित्रवाणीवर पाककृतींचा कार्यक्रम स्वीकारते आणि त्यातून गृहिणींना रसायनशास्त्र शिकवू लागते. प्रेक्षकांतील एक गृहिणी हृदयशल्यविशारद होण्याची इच्छा बोलून दाखविते, तो प्रसंग कादंबरीतील सर्वांत हृद्य ठरावा. योगायोगांचा भरणा आणि माणसासारखा विचार करणारा कुत्रा काही वाचकांना खटकेल. तथापि विनोदाच्या आवरणाखालील वेदना खरी आहे.

ही वेदना केवळ अमेरिकेची नव्हे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या. त्या स्त्री असल्यामुळे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. शाकाहारी घराच्या रोजच्या ताटातील डाळीमागे असा एका स्त्रीचा अभ्यासही आहे.

व्यापारी घराण्यात एका पैशाची नोंदही चुकीच्या खाती गेलेली चालत नाही. मग मुलीच्या शिक्षणाचे आणि सुनेच्या बुद्धीचे श्रेय कोणाच्या खाती मांडले जाते, हेही एकदा वही उघडून पाहावयास हवे. ही कादंबरी त्याचीच आठवण देते.