विश्लेषण : शेजारचा संगणक नावाने का सापडत नाही?

इंटरनेट सुरू आहे, केबल जागेवर आहे, तरीही पडद्यावर ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ असा संदेश येतो. अशा वेळी दोष अनेकदा यंत्रात नसतो, तर नाव आणि पत्ता यांच्या जुळणीत असतो. तो कसा ओळखायचा?

मुख्य संगणकावर हिशेबाचा डेटा, काउंटरवरच्या दोन संगणकांवर बिले आणि सर्वांचा मिळून एक प्रिंटर. अनेक दुकाने, दवाखाने आणि कर सल्लागारांची कार्यालये अशाच छोट्या नेटवर्कवर चालतात. एखाद्या सकाळी काउंटरवरून मुख्य संगणक उघडत नाही आणि ग्राहकांची रांग लागते. मग केबल बदलली जाते, राउटर बंद-चालू होतो, कधी तर विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत मजल जाते. त्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करून पाहावी.

नाव आणि पत्ता यांत फरक काय?

संगणक एकमेकांना गाठतात ते आयपी पत्त्याने, म्हणजे १९२.१६८.१.२० अशा आकड्यांनी. नाव माणसांच्या सोयीसाठी असते. मोबाइलमध्ये आपण नावावर बोट ठेवतो आणि फोन नंबर लावतो, तसेच हे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. यादी आवाक्याबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. त्या जुन्या यादीची आठवण असलेली ‘होस्ट्स’ फाइल आजही विंडोजमध्ये आहे आणि डीएनएसला विचारण्याआधी संगणक तिच्यातील नोंदी मानतो.

छोट्या कार्यालयात पत्ता कोण सांगतो?

मोठ्या कंपन्यांत त्यासाठी स्वतःचा डीएनएस सर्व्हर असतो. दुकानात तो नसतो. तिथे संगणक आपली ‘होस्ट्स’ फाइल पाहतो, राउटरला विचारतो आणि नेटवर्कवर हाकही मारतो : या नावाचे कोण आहे? त्या नावाचा संगणक ‘मी’ म्हणून आपला पत्ता कळवतो. वर्गातल्या हजेरीसारखीच ही पद्धत आहे आणि हाक शेजारच्या वर्गात पोहोचत नाही. म्हणून एक संगणक कार्यालयाच्या वाय-फायवर आणि दुसरा ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल, तर दोघांची गाठ पडत नाही.

दोष नावात की जोडणीत?

मुख्य संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी आणि ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’समोरचा आकडा लिहून घ्यावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल व राउटर पाहावेत. आकडा ठीक असेल, तर काउंटरच्या संगणकावर ‘रन’ चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा (बॅकस्लॅश) आणि त्यापुढे तो आकडा टाकावा. फोल्डर दिसले किंवा पासवर्ड विचारला गेला, तर जोडणी ठीक आहे आणि दोष नावात आहे. काहीच उघडले नाही, तर फायरवॉल आणि शेअरिंगची सेटिंग तपासावी.

पुढची पायरी ‘पिंग -४’ आणि त्यापुढे मुख्य संगणकाचे नाव. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असे आले, तर नाव कुणालाच माहीत नाही. वेगळाच आकडा दिसला, तर कुठे तरी जुना पत्ता अडकला आहे. आकडा बरोबर असून उत्तर येत नसेल, तर नावाचे काम झाले आहे. फायरवॉलने पिंग अडवलेले असू शकते.

पत्ता बदलतो कसा?

राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. वीज गेली आणि परत आली की कालचा आकडा आज दुसऱ्याच यंत्राला मिळू शकतो. अशा वेळी पूर्वी कुणी ‘होस्ट्स’ फाइलमध्ये हाताने केलेली नोंद चुकीच्या दारावर नेऊन सोडते. म्हणून ती नोंद काढावी, ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा देऊन साठलेली जुनी माहिती पुसावी आणि राउटरच्या सेटिंगमध्ये मुख्य संगणकासाठी एकच पत्ता राखून ठेवावा. याला ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात.

शिवाय दोन संगणकांची नावे सारखी नाहीत ना, आणि विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ आहे ना, हेही पाहावे. नाव इंग्रजीत आणि १५ अक्षरांच्या आत असावे, कारण नाव शोधण्याची जुनी नेटबायोस पद्धत त्याहून लांब नाव स्वीकारत नाही.

काय करू नये?

घाईत फायरवॉल पूर्ण बंद करणे किंवा ‘एसएमबी१’ ही जुनी सुविधा पुन्हा चालू करणे, हे दोन उपाय सर्रास केले जातात. त्यातून कधी काम होतेही, पण मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने ‘एसएमबी१’मधील त्रुटीचाच वापर करून जगभरातील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही सुविधा मुळात बंद ठेवली जाऊ लागली. म्हणून ‘नेटवर्क’च्या यादीत संगणक दिसत नसला, तरी तो नावाने उघडू शकतो. केवळ यादी भरावी म्हणून वर्षानुवर्षांचा हिशेब धोक्यात घालू नये.

सगळे सुरळीत झाल्यावर मुख्य संगणकाचे नाव आणि राखून ठेवलेला पत्ता एका चिठ्ठीवर लिहून काउंटरवर चिकटवावा. पुढच्या वेळी तपासणीची सुरुवात तिथूनच करता येईल.