पैसे न मोजणारा बँकर

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की डब्यात कुणीतरी जाणकारपणे सांगतं, 'बँकर लागतोय.' ऐकणारे मान डोलावतात आणि वडेवाल्याला हाक मारतात. कर्जतच्या वड्याची कीर्ती वाढवण्यात या बँकरचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. पण गाडीचा आणि बँकेचा संबंध काय, हे विचारायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटा देणारं इंजिन. इथला 'बँक' हा शब्द पैशाच्या बँकेचा नाही. इंग्रजीत उताराच्या जमिनीला, बांधाला, नदीच्या काठालाही बँक म्हणतात. त्यावरून रेल्वेतल्या लोकांनी चढणीला बँक म्हटलं आणि चढणीवर मदत करणारं इंजिन बँकर झालं. गंमत म्हणजे पैशाची बँक इटालियन भाषेतल्या बाकावरून आली, सराफाच्या बाकावरून. आणि बाक व बांध हे दोन्ही शब्द मुळात एकाच जुन्या जर्मानिक शब्दाचे वंशज आहेत. तेव्हा हे दोन बँकर अगदीच परके नाहीत, दूरचे भाऊबंद आहेत.

आता या मदतीची गरज का पडते? भोर घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याची चढण एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपल्या पायांना हे काहीच वाटणार नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं, तिथे पकड फार थोडी. सपाटीवर हाच गुण कामाला येतो, कारण थोड्या ताकदीत मोठं ओझं धावतं. चढणीवर तोच गुण अंगाशी येतो. चाकं जागच्या जागी फिरू लागतात.

मग दुसरं इंजिन पुढेच का जोडत नाहीत? इथे खरी मेख आहे. पुढच्या इंजिनामागे जी पहिली जोडणी असते, तिच्यावर साऱ्या गाडीचं ओझं लोंबकळत असतं. पुढे आणखी इंजिनं लावली की त्या एका जोडणीवरचा ताण वाढतो, आणि ती तुटली तर मागचे डबे माणसांसकट उतारावरून परत निघतात. आज गाडी मधेच तुटली तर ब्रेक आपोआप लागतात. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात ही सोय नव्हती. मागून रेटा दिला की ओझं दोन्हीकडे वाटलं जातं, शिवाय मागे एक भक्कम टेकू राहतो. बैलगाडी चिखलातून काढताना बैल पुढे ओढतात आणि माणसं मागून खांदा लावतात, तसंच हे. मात्र पुढच्या-मागच्या चालकांचं जमायला हवं. त्यासाठी पूर्वी शिट्ट्यांच्या ठरलेल्या खुणा असत, आता वॉकीटॉकी आहे.

हा शब्द इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या लिकी चढणीवर फार गाजला. तिथली चढण एकास ३७.७, म्हणजे जवळजवळ आपल्याच घाटाएवढी. लांबी मात्र जेमतेम दोन मैल. तिथे केवळ रेटा देण्यासाठी १९१९ साली दहा चाकांचं एक दांडगं इंजिन बांधलं होतं. लोक त्याला 'बिग बर्था' म्हणत. ते १९५६ पर्यंत तेच काम करत राहिलं. अमेरिकेत याच इंजिनाला 'हेल्पर' म्हणतात, आणि युटा राज्यात अशी इंजिनं जिथे जोडली जात, त्या गावाचं नावच हेल्पर पडलं. आपण मात्र शब्द इंग्लंडचाच ठेवला. कर्जतप्रमाणे कसाऱ्यालाही इगतपुरीच्या चढणीसाठी बँकर लागतो.

चढताना बँकर, तसा उतरताना आणखी एक शब्द भेटतो, 'कॅच सायडिंग'. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागेनासा झाला, तर तिला धरण्यासाठी मुख्य मार्गातून एक फाटा डोंगराच्या चढावर काढलेला असतो. सांधे एरवी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी काबूत आहे याची खात्री पटली, की मगच मुख्य मार्गाचे सांधे लागतात. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि वेग ओसरून थांबते. ठाकूरवाडी किंवा मंकी हिलला गाडी उगाच थांबली म्हणून चरफडणाऱ्या प्रवाशाला कुणीतरी हे सांगायला हवं.

बँकर जोडायचा आणि वर गेल्यावर काढायचा, यात वेळ जातो. म्हणून मुंबई-दिल्ली राजधानीला २०१९ पासून पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं कायमची लावली. दोन्ही पुढच्याच चालकाच्या हातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून सोलापूर आणि शिर्डीला वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. त्यांच्या मोटारी एका इंजिनात नसून गाडीभर वाटलेल्या आहेत. निम्मी चाकं स्वतःच जोर लावतात. त्यामुळे त्या दोन्ही घाट बँकरशिवाय चढतात. बाकीच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि मालगाड्यांना मात्र अजून मागून खांदा लागतोच.